‘मी यातून मोठी कधी होणार?’ : यावल तालुक्यातल्या एका ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) ताईंचं वय एकेचाळीस. गेल्या मार्गशीर्षात नवरा पहाटे मळ्यात मोटार चालू करायला गेला आणि तिथेच हृदयविकाराचा झटका आला. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत, घरी सासूबाई, पाच एकर केळी. सुरतेला उधन्यात राहणारा भाऊ म्हणतो, सगळं विकून इकडे ये. दीर म्हणतात, सह्या करून मोकळी हो. नातेवाईक म्हणतात, पोरीचं वर्षाच्या आत उरकून टाक. मोबाईलवर रोज कोणीतरी सांगतं की संकट म्हणजे संधी. ताई लिहितात : ‘आठ महिने झाले, मी काही घडले-बिडले नाही. दूध उतू जातं, किल्ल्या सापडत नाहीत, पोरावर हात उचलते. जेठात भाचीच्या हळदीत मी हसले आणि नंतर तीन रात्री डोळा लागला नाही. माझं काही चुकतंय का? मी यातून मोठी कधी होणार?’ आणि शेवटी एक ओळ : ‘शेजारी येत्या रविवारी कानबाई बसणार आहे. गाणी म्हणायला बोलावलंय. जाऊ का?’ (कानबाई म्हणजे खानदेशात श्रावणात घरी बसवतात ती देवी.)

ताई,

तुमचं काही चुकत नाही. हे आधी सांगून टाकते, कारण बाकीचं उत्तर लांब आहे आणि तुमचं लक्ष सध्या एका जागी टिकत नाही हे तुम्हीच लिहिलंय. दोन-तीन बैठकांत वाचलंत तरी चालेल.

मी जळगावात चोवीस वर्षं समुपदेशन करते. ‘मोठी कधी होणार’ हा प्रश्न पूर्वी मला कोणी विचारत नसे. लोक विचारायचे, ‘झोप कधी लागेल’, ‘पोटात गोळा येतो तो कधी जाईल’. गेल्या सात-आठ वर्षांत हा नवा प्रश्न आलाय, आणि तो मोबाईलमधून आलाय याबद्दल मला शंका नाही. माणूस गेल्याचं दुःख असतंच. आता त्यातून काही कमावलं नाही याची लाजही वर येऊन बसते. संकट म्हणजे संधी हे वाक्य ज्याच्यावर संकट आलेलं नाही त्याला फार आवडतं.

या बोलण्याच्या मुळाशी थोडं खरं संशोधन आहे, म्हणून ते काय आहे ते सांगते. १९९०च्या दशकात रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मोठ्या आघातातून गेलेल्या माणसांमध्ये काय बदलतं ते मोजण्यासाठी २१ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. आपल्या ताकदीची जाणीव, माणसांशी जवळीक, नव्या वाटा, आयुष्याची किंमत कळणं आणि श्रद्धेत झालेला बदल अशी पाच अंगं त्यांनी मांडली. आघातानंतरची वाढ म्हणतात ती हीच. पण त्याच दोघांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या व्हिडिओत येत नाहीत. एक, आघात स्वतः कोणाला काही देत नाही. त्यानंतरच्या झगड्यातून काही आलं तर येतं. दोन, अशी वाढ झालेल्या माणसाचं दुःख संपलेलं नसतं, दोन्ही एकाच घरात राहतात. नंतरच्या संशोधकांनी तर अशी शंका काढली की माणूस ‘मी बदललो’ म्हणतो तेवढा तो खरंच बदललेला असतो का. आधी आणि नंतर मोजलं तर दोन्हींचा मेळ नेहमी बसत नाही. म्हणजे त्या व्हिडिओतला माणूस ज्या गोष्टीची हमी देतो, तिच्याबद्दल ती शोधणारेही इतकं छातीठोक बोलत नाहीत.

दुसरीकडे, कोलंबिया विद्यापीठातल्या जॉर्ज बोनॅनो यांनी जवळचं माणूस गेलेल्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांना दिसलं की बरीच माणसं कुठल्याही उपचाराविना, रडत-कढत का होईना, आपली कामं करत राहतात. मोडून पडणं आणि झळाळून निघणं ही दोन टोकं आहेत. बहुतेक जण मधल्या रस्त्याने चालतात, आणि तुमचं पत्र मला त्याच रस्त्यावरून आलेलं दिसतं.

आपल्याकडे विधवा बाईला धीर द्यायचा म्हटलं की बहिणाबाईंचं नाव निघतंच. तुम्हालाही कोणी ना कोणी ऐकवलं असेल. बहिणाबाई आसोद्याच्या, जन्म १८८०चा, ऐन तिशीत वैधव्य आलं, पदरात लेकरं. हे सगळं खरं. पण त्यांची गाणी छापून लोकांपुढे आली ती १९५२ साली, त्या गेल्यानंतर. जिवंतपणी त्या दळत होत्या, शेतात जात होत्या, पोरं वाढवत होत्या. ‘यातून मी कवयित्री होणार’ असा काही बेत करून त्या जात्यावर बसल्या नव्हत्या. म्हणून माझ्यासमोर कोणी एखाद्या बाईला बहिणाबाईंचा दाखला द्यायला लागलं की मी विषय बदलते.

आता किल्ल्यांबद्दल. शोकात विसरभोळेपणा येतोच. डोक्याचा मोठा हिस्सा सतत त्या एकाच गोष्टीभोवती फिरत असतो, त्यात झोप तुटक. मग दुधाकडे बघायला उरतं काय? याला वेड लागणं म्हणत नाहीत. पण तुमच्या वयाच्या बाईला मी एक तपासणी नेहमी करायला सांगते : हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, साखर आणि रक्तदाब. गळून जाणं, विसरणं, चिडचिड यातलं थोडं दुःखाचं असतं आणि थोडं रक्तातलं. रक्तातलं गोळीने भरून निघतं. अशक्तपणा वाटतो म्हणून सलाईन लावून घ्यायची आपल्याकडे फार हौस; त्याने पैसे जातात, बाकी काही होत नाही. शेजारणीची झोपेची गोळी घेऊ नका. ती गोळी लागते तेव्हा लागते, पण मोजून, डॉक्टरच्या हातून आणि ठरावीक दिवस.

दिवसातली सर्वांत वाईट वेळ कुठली ते शोधा. बहुतेक बायकांची दिवेलागणीची असते, कारण तेव्हा गाडीचा आवाज यायचा, पाय धुवायला पाणी द्यायचं असायचं. तेवढा दीड तास मोकळा ठेवू नका. मुलांना घेऊन मारुतीपर्यंत चालत जा, भाजी निवडायला शेजारी जाऊन बसा, काहीही करा, पण चुलीपुढे एकट्या बसू नका. उपाय इतका साधा आहे की लोकांना तो उपाय वाटत नाही. मी औषधाइतकाच त्याच्यावर विश्वास ठेवते.

हळदीतल्या हसण्याकडे येते, कारण पत्रात मला सगळ्यात जास्त तेच बोचलं.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात असं तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल : आधी नाकारणं, मग राग, असं करत शेवटी स्वीकार. ही मांडणी १९६९ची, एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांची, आणि ती मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून केलेली होती. मागे राहिलेल्यांवर ती नंतर चिकटवली गेली. मी माझ्या कामात ती वापरत नाही, कारण लोक पायऱ्या मोजायला लागतात आणि ‘मी तिसरीवरून परत पहिलीवर आले’ म्हणून रडतात. मला पटलेली मांडणी नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांची, १९९९ची. ते म्हणतात, शोकातला माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो. एका काठावर गेलेलं माणूस, त्याचे कपडे, त्याचा आवाज, रडणं. दुसऱ्या काठावर वीजबिल, मुलांची फी, केळीचा घड, हळदीचं आमंत्रण. निरोगी शोक एका काठावर बसून राहत नाही, तो हेलकावे घेतो.

हे समजायला तुम्हाला माझी गरज नाही. तुम्ही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यांच्या मुलखातल्या. लिंबाला बांधलेला झोका एकाच बाजूला टांगून राहिला तर तो झोका कसला? हळदीत तुमचा झोका पलीकडे गेला, तीन रात्री परत अलीकडे आला. त्यात त्यांचा विसर नव्हता आणि विश्वासघातही नव्हता. उलट आठ महिन्यांत तुम्ही एकदाही हसला नसतात तर मी जास्त काळजीने लिहिलं असतं. आणि यंदाच्या आखाजीला तुम्ही त्यांच्या नावाची घागर भरली असेल, वर डांगर (खरबूज) ठेवलं असेल. त्याच दिवशी मुलांना आमरस-सांजोऱ्याही वाढल्या असतील. आपल्या जुन्या माणसांनी रडणं आणि जेवण एकाच दिवशी बसवलंय.

आता व्यवहार. इथे मी जास्त वेळ घेणार आहे. समुपदेशकाने मनाबद्दलच बोलावं असं लोकांना वाटतं. पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं निम्मं दुःख दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातलं असतं, आणि ते पहिल्या वर्षातल्या सह्यांमुळे आलेलं असतं.

निर्णयांच्या दोन पाट्या करा. एकीवर मोडता येणारे, दुसरीवर न मोडता येणारे. बाग वर्षभर बटाईने किंवा मक्त्याने देणं मोडता येतं. मृगबागेची लागवड यंदा सोडून देणं मोडता येतं. मुलांना सुट्टीत मामाकडे पाठवणं मोडता येतं. जमीन विकणं, हक्कसोड पत्र नोंदवणं, मुलीचं लग्न आणि घर बंद करून दुसऱ्या राज्यात जाणं या चार गोष्टी दुसऱ्या पाटीवरच्या. वर्षश्राद्ध होईपर्यंत दुसऱ्या पाटीला हात लावू नका. कोणी घाई केली तर सांगा, ‘डॉक्टरीण बाईंनी वर्षभर सही करायला मनाई केलीय.’ मी डॉक्टर नाही, पण हे वाक्य गावात चालतं आणि त्याचा वाईटपणा मी घेते.

दिरांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही, कदाचित चांगलंच असेल. पण मृत्युपत्र नसेल तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुमच्या यजमानांच्या मिळकतीत तुमचा, मुलीचा, मुलाचा आणि सासूबाईंचा सारखा हक्क आहे. वडिलोपार्जित जमिनीचा हिशेब थोडा वेगळा लागतो, तो वकिलाकडून समजून घ्या. दीर ज्या वकिलाकडे नेतील त्याच्याकडे नको, तुम्ही निवडाल त्याच्याकडे. मुलगा कायद्याने अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला आहे, मुलगीही बहुधा असेल. अज्ञान मुलाच्या वाट्याची जमीन विकायला साधारणपणे न्यायालयाची परवानगी लागते, तेव्हा ‘दोन दिवसांत उरकू’ म्हणणाऱ्याला हा कायदा विचारा. तलाठी आप्पांकडे सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का ते स्वतः जाऊन बघा. वारस नोंद आणि हक्कसोड एकाच बैठकीत उरकण्याची पद्धत आहे. पहिली करा, दुसरी करू नका.

आणि एक छोटी गोष्ट. त्यांच्या बँक खात्याचं पासबुक काढून ते जाण्याआधीच्या मे-जूनमधली नोंद बघा. ४३६ रुपये कापले गेले असतील तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे. त्यात कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. खातं उघडताना फॉर्मवर सही झालेली असते आणि घरात कोणाला पत्ता नसतो. आधीच उशीर झालाय, मृत्यूचा दाखला घेऊन याच आठवड्यात बँकेत जा. विकास सोसायटीचं कर्ज, फळपीक विम्याचा हप्ता, ठिबकचं अनुदान, सगळे कागद एका पिशवीत घाला आणि दिवसाला एकच कागद हातात घ्या. एक कागद झाला की त्या दिवशी तुम्ही पुष्कळ केलंत.

सुरतेच्या भावाला ‘नाही’ म्हणू नका, ‘आत्ता नाही’ म्हणा. हे मी अनुभवाने सांगते, आणि तो अनुभव माझ्या शहाणपणाचा नाही. माझे वडील रेल्वेत होते, निवृत्तीनंतर भुसावळला छोटं घर बांधलं होतं. ते गेले तेव्हा मी या कामात नवी होते, पुस्तकं ताजी होती, आणि मला सगळं कळतं असं मला वाटत होतं. आई एकटी कशी राहील म्हणून तिसऱ्या महिन्यात मी घर विकायला लावलं आणि तिला नाशिकला भावाच्या फ्लॅटवर नेऊन ठेवलं, तिसऱ्या मजल्यावर. तिथे रूळ नाहीत, गाडीचा आवाज नाही. तरी ती रोज विचारायची, ‘पंजाब मेल गेली का गं?’ आधी आम्ही हसायचो. तिच्या हातून एका वर्षात नवरा, घर, अंगण, शेजारीण आणि गाड्यांचं वेळापत्रक असं सगळं गेलं होतं. त्यातलं एकच मृत्यूने नेलेलं, बाकीचं मी. चांगल्या मनाने. तुमचा भाऊही चांगल्या मनानेच बोलतोय.

मुलीच्या लग्नाबद्दल मी तोलूनमापून बोलणार नाही. ‘वर्षाच्या आत केलं तर चालतं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं’ हा नियम ज्यांनी केला त्यांना मुलीचं बारावीचं वर्ष माहीत नव्हतं. मुलगी सतराची असेल तर हा गुन्हा आहे, २००६च्या कायद्याने. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, बाप गेला त्या वर्षी पोरीला घरही सोडायला लावायचं? कोणी फारच जोर केला तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो मुलीलाही पाठ असू द्या.

मुलाचं जास्त अवघड आहे. दारावर बसायला येणाऱ्या प्रत्येक पुरुषाने त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं असेल, ‘आता तूच कर्ता, आईला सांभाळ.’ तेरा वर्षांच्या पोराला हे वाक्य म्हणजे डोक्यावर पोतं. त्याला वाटतं आता रडायचं नाही, खेळायचं नाही, आणि आई रडली तर तो आपला दोष. मग तो दार आपटतो, उलट बोलतो, अभ्यास सोडतो, आणि तुमचा हात उठतो. हात उठला त्याची माफी मागा. सरळ मागा, ‘मी चुकले, तुझ्यावर राग नव्हता.’ आई माफी मागते म्हणजे तिचं वजन कमी होतं असं आपल्याकडे समजतात. मी आजवर असं एकही पोरगं पाहिलं नाही ज्याच्या मनातून आई त्यामुळे उतरली.

आणि त्याला स्पष्ट सांगा : ‘तू आठवीतला मुलगा आहेस. घर मी बघते, मळा मी बघते. तुझं काम शाळा आणि क्रिकेट.’ बारीकसारीक कामं द्या, दूध आणणं, आजीची औषधं, पण मोठेपण देऊ नका. वडिलांबद्दल तो प्रश्न विचारेल, बहुतेक अंधार पडल्यावर आणि तुमच्याकडे न बघता. ‘पप्पांना दुखलं असेल का?’ किंवा ‘मी सोबत गेलो असतो तर?’ या दुसऱ्या प्रश्नाची मुलं वर्ष-वर्ष तयारी करतात. तुम्हीच एकदा आपणहून म्हणा की त्या पहाटे कोणी सोबत असतं तरी झटका आलाच असता. मुलं शोक तुकड्यातुकड्यांनी करतात. दहा मिनिटं हुंदके, अकराव्या मिनिटाला बॅट. त्याला ‘काही वाटत नाही’ असं समजू नका.

कुंकू, हिरव्या बांगड्या, हळदी-कुंकवाला न बोलावणं याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण भाचीच्या हळदीत तुम्ही मागच्या रांगेत होतात हे मी न विचारता सांगू शकते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावात तो कागद कपाटात असेल. लढा असं मी म्हणत नाही, ताकद सध्या दुसरीकडे लागतेय. टिकली लावावीशी वाटली तर लावा, एवढंच.

आता तुमच्या ‘मोठं होण्या’कडे वळते.

काही वर्षांपूर्वी रावेर तालुक्यातला एक केळीवाला माझ्याकडे यायचा. सीएमव्ही रोगाने त्याची पूर्ण बाग गेली होती; त्या रोगात रोपं उपटून नष्ट करण्याशिवाय इलाज नसतो. त्याने आपल्या हाताने ती उपटली होती, आणि त्यानंतर तो जेवत नव्हता. मी त्याला धीर द्यायला म्हटलं, केळीचं झाड तोडलं तरी बाजूने पील येतं, तसं आयुष्यही. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, सीएमव्हीच्या बागेत पील ठेवत नसतात. तेही रोगटच निघतं. आधी जमीन मोकळी ठेवावी लागते.’ त्या दिवसापासून मी शेतकऱ्यांना शेतीचे दृष्टांत देत नाही. पण जमीन मोकळी ठेवण्याची त्याची गोष्ट मी घेतली आणि इतरांना सांगत आले. काही नुकसानीनंतर लगेच काही पेरायचं नसतं.

चोपडा तालुक्यातली एक बाई, तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच अचानक एकटी पडलेली. पहिल्या वर्षी माझ्याकडे येऊन नुसती बसायची. ‘कसं होईन वं माय’ याच्यापुढे वाक्य जायचं नाही. दुसऱ्या वर्षी तिने मोटारीचा स्टार्टर बसवायला शिकून घेतलं, कारण थ्री-फेज वीज रात्री अडीचला यायची आणि गडी यायचा नाही. तिसऱ्या वर्षी कटतीच्या, म्हणजे केळीचे घड कापण्याच्या वेळी व्यापाऱ्याने वजनात हात मारला तेव्हा तिने गाडी अडवून ठेवली. मी तिला म्हटलं, बघा, किती बदललात. तिला ते आवडलं नाही. म्हणाली, ‘मला हे यायला नको होतं, मॅडम. ते असते तर मला आयुष्यभर स्टार्टर कळला नसता आणि चाललं असतं.’ मग थोडं थांबून, ‘पण आता येतं.’

वाढीबद्दल मला जे माहीत आहे ते या दोन वाक्यांत आहे. तिने वाढ शोधली नव्हती, रात्री अडीचला पाणी सोडायचं होतं. त्यामुळे तुम्ही ‘मी मोठी झाले का’ हे तपासणं बंद करा. दर पंधरा दिवसांनी फार तर एवढं बघा की गेल्या वेळेपेक्षा एखादं काम कमी भीतीने झालं का. माणसांच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवा. ज्यांच्यावर भिस्त होती ते दोन-चार जण गंधमुक्तीनंतर फिरकले नसतील, आणि जिच्याशी जेमतेम बोलणं होतं अशी एखादी बाई आठवड्याला कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन येत असेल. तिला धरून ठेवा. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्यांना खरंच काम सांगा : मंगळवारी पोराला क्लासहून आण, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. नेमकं काम सांगितलं की माणसं येतात, नुसत्या ‘लक्ष असू दे’ला येत नाहीत.

मी चुकत असण्याची एक शक्यता आहे, ती स्पष्ट लिहिते. पत्रावरून तुम्ही घर चालवताय, मुलांचं बघताय, हसलातही. पण यातलं काही पत्रात लिहायचं राहिलं असेल तर नुसत्या वाट बघण्यावर थांबू नका : रोज बहुतेक वेळ त्यांच्याशिवाय दुसरं काहीच सुचत नाही, ते गेले हे अजून खरं वाटत नाही, स्वयंपाक आणि अंघोळसुद्धा सुटलीय, किंवा आपणही त्यांच्यामागे जावं असं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेला शोक हा आता वेगळा आजार म्हणून नोंदलेला आहे, आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरतात. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर १४४१६, टेली-मानस, सरकारी आणि मोफत, मराठीत बोलता येतं.

आणि मनात तसं काही असो-नसो, घरात ठेवलेलं तणनाशक आणि फवारणीची औषधं मळ्यातल्या खोलीत कुलुपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. हे मी प्रत्येक शेतकरी घराला सांगते. वाईट क्षण बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळात बाटली हाताशी नसणं यावर माणसं वाचलेली मी पाहिली आहेत.

राहिली कानबाई.

जा. तुम्ही पूर्वी गायच्या, नाहीतर त्यांनी खास गाण्यासाठी बोलावलंच नसतं. कोणी म्हणेल वर्ष व्हायचंय, कोणी म्हणेल बरं झालं आलीस. दोन्ही ऐकून घ्या. सगळी रात्र जागायला हवं असं नाही. मुलीला सोबत न्या. पहिल्या गाण्याला गळा दाटून आला तर नुसत्या टाळ्या धरा, बाकीच्या बायका ओळ पुढे नेतील. बसताना दाराजवळची जागा धरा, म्हणजे मध्येच उठावंसं वाटलं तर कोणाला ओलांडून जावं लागणार नाही.